बाटली बदलली की वाचन बदलतं

पुणे–नाशिक महामार्ग आणि कल्याण–नगर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याचे ढीग लागतात आणि तिथून दक्षिणेला नारायणगावात टोमॅटोचे क्रेट. कुकडी प्रकल्पाचं पाणी आल्यापासून जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात टोमॅटो हे हमखास रोखीचं पीक झालं. रोखीच्या पिकावर रोग पडला की आधी औषधाची चौकशी होते, रोगाच्या नावाची नंतर. शेतकरी नाव ठेवतो ते डोळ्यांना दिसतं त्यावरून. पान आकसून, मुरडून झाड खुरटलं की बोकड्या. २०२०च्या उन्हाळ्यात फळं एकसारखी न पिकता त्यांवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे उमटू लागले, तेव्हा त्याला ‘तिरंगा’ हे नाव बघता बघता मिळालं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि एकापेक्षा अधिक विषाणूंची नावं पुढे आली. काकडी मोझॅक विषाणू त्यांतलाच एक. प्रयोगशाळेतलं नाव पानाच्या रूपावरून पडत नाही. विषाणूच्या जनुकांतली ए, सी, जी, टी ही अक्षरं ओळीनं वाचून, आधी वाचलेल्या अक्षरांशी ताडून ते ठरवलं जातं. पुण्याच्या नावानं ओळखला जाणारा टोमॅटो पर्णगुच्छ विषाणू आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तो अशाच वाचनाच्या जोरावर.

हे वाचन कोण करतं, असं विचारलं तर बहुतेक जण यंत्राकडे बोट दाखवतील. साखळी थांबवून अक्षरं वाचण्याच्या पद्धतीचा, म्हणजे सँगर पद्धतीचा, इतिहास बारकाईनं पाहिला तर मात्र हे उत्तर टिकत नाही. वाचतात ती रसायनं. यंत्र फक्त त्यांनी लिहिलेलं पुढे करतं. पद्धतीचं तत्त्व १९७७पासून बदललेलं नाही. एका एन्झाइमला डीएनएच्या धाग्याची नक्कल करायला लावायची. साध्या अक्षरांत थोडी ‘डायडिऑक्सी’ अक्षरं मिसळायची. या अक्षरांना पुढची कडी जोडण्याची जागाच नसते, म्हणून जिथे असं अक्षर बसतं तिथे साखळी थांबते. मग थांबलेले तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे. तत्त्व एवढंच आहे, पण एन्झाइम, धातूचे आयन, साधी अक्षरं, थांबवणारी अक्षरं, त्यांना लावलेला रंग आणि शेवटी तुकडे ज्यात विरघळवून यंत्रात घालायचे तो द्रव, यांतलं काहीही बदललं की समोर येणारा आलेख बदलतो. शिवाय प्रत्येक रसायनाची चूक ठरावीक प्रकारची असते. कुठे चुकणार हे रसायनच ठरवत असल्यामुळे अक्षरांची कोणतीही ओळ वाचताना ती कशानं वाचली हे ठाऊक असावं लागतं.

पहिला पुरावा फ्रेडरिक सँगर यांच्या स्वतःच्या कामातच आहे. केंब्रिजच्या त्यांच्या प्रयोगशाळेनं फाय-एक्स १७४ या जिवाणूभक्षी विषाणूचा जनुकसंच १९७७च्या सुरुवातीला प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची लांबी सुमारे ५,३७५ अक्षरं होती. तो प्रामुख्यानं ‘प्लस-मायनस’ या १९७५च्या पद्धतीनं वाचला होता. त्या पद्धतीत साखळी थांबते ती एखाद्या अक्षराचा तुटवडा केल्यामुळे. सलग एकच अक्षर आलं तर अशा वेळी ते तीनदा आलं की चारदा, याचा अंदाज बांधावा लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस सँगर, निकलेन आणि कूलसन यांनी डायडिऑक्सी अक्षरं वापरून नवी पद्धत मांडली. यांतली बरीचशी अक्षरं तेव्हा विकत मिळत नव्हती, प्रयोगशाळेतच तयार करावी लागली. १९७८मध्ये सुधारलेली ओळ आली, ती ५,३८६ अक्षरांची होती. विषाणू तोच, प्रयोगशाळा तीच, माणसंही बहुतांशी तीच. साखळी थांबवण्याचं साधन बदललं आणि अकरा अक्षरं वाढली. ही अकरा अक्षरं धाग्यात पहिल्यापासून होती. आधीच्या रसायनाला ती दिसत नव्हती, एवढंच.

इथे एक आक्षेप येतोच. रसायन बदलल्यानं डीएनए थोडाच बदलतो? मग बदललं ते वाचन की सत्य? आक्षेप बरोबर आहे, आणि त्यानं माझ्या म्हणण्याला बळच मिळतं. डीएनए बदलत नाही म्हणून तर दोन रसायनांच्या वाचनांत फरक आला की निदान एक वाचन चुकलं असं खात्रीनं म्हणता येतं. बाजार समितीत एकच गोणी दोन काट्यांवर दोन वजनं दाखवू लागली, तर कांद्याचं खरं वजन कोणालाच कळणार नाही असं कोणी म्हणत नाही. काटे तपासले जातात. सँगर पद्धतीच्या पुढच्या वीस वर्षांत हेच घडलं. रसायनं मुद्दाम बदलून पाहणं हीच चूक पकडायची रीत झाली.

क्लेनो तुकडा हे पहिलं एन्झाइम ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेजमधून, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइममधून, काढलेलं. साध्या अक्षराला आणि थांबवणाऱ्या अक्षराला तो सारखं वागवत नसे. थांबवणारी अक्षरं त्याला नकोशी, म्हणून ती मुबलक घालावी लागत. बरं, नकोसेपणाही सगळीकडे सारखा नव्हता. शेजारी कोणतं अक्षर आहे त्यावर तो अवलंबून असे. परिणामी तुकडे वेगळे करणाऱ्या जेलचा ठसा घेतलेल्या एक्स-रे फिल्मवर एक पट्टी ठळक आणि शेजारची जेमतेम दिसेल न दिसेल अशी. त्या काळात तुकडे दिसायचे ते किरणोत्सर्गामुळे. आपल्याकडे फॉस्फरस-३२ तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत तयार होई आणि त्याची खूण लावलेली न्यूक्लिओटाइड्स ‘ब्रिट’ या संस्थेच्या हैदराबादच्या ‘जोनाकी’ केंद्रातून प्रयोगशाळांना मिळत. या फॉस्फरसचं अर्धायुष्य जेमतेम चौदा दिवसांचं. आलेली बाटली किती दिवसांची आहे यावर पट्ट्यांचा ठळकपणा ठरे. १९८३मध्ये त्याच्या जागी गंधक-३५ वापरायची रीत निघाली. त्याचे किरण कमी ऊर्जेचे, त्यामुळे फिल्मवर कमी पसरतात. पट्ट्या रेखीव झाल्या आणि एकाच जेलवर आधीपेक्षा लांबवर वाचता येऊ लागलं. एन्झाइम तेच. एका अणूच्या बदलानं वाचनाचा पल्ला वाढला.

पुढची अडचण टोमॅटोच्या पानाच्या जवळची आहे. पर्णगुच्छ पसरवणाऱ्या, पांढरी माशी वाहून नेते त्या बेगोमो विषाणूंचा मुख्य डीएनए गोल आणि साधारण २,७०० अक्षरांचा असतो. त्याची नक्कल जिथून सुरू होते तिथे एक चिमटा असतो: जी आणि सी यांनी भरलेला देठ, आणि माथ्यावरच्या वळणात टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी ही नऊ अक्षरं, जी या सगळ्या कुळात जवळपास कायम सापडतात. जी आणि सी एकमेकांना तीन बंधांनी धरतात. जेलमध्ये युरिया घातलेला असला तरी असा तुकडा टोकाशी स्वतःवर दुमडतो आणि आपल्या लांबीच्या मानानं वेगानं पळतो. मग दोन-तीन पट्ट्या एकावर एक येतात. चारांच्या जागी तीन अक्षरं वाचली जातात, किंवा दोघांचा क्रम उलटा लागतो. जेलचं काम करणारे याला ‘कॉम्प्रेशन’ म्हणत. उपाय निघाला तो रसायनातच. पुढे साध्या जी-ऐवजी इनोसिन असलेलं न्यूक्लिओटाइड, किंवा सातव्या जागी नायट्रोजनऐवजी कार्बन असलेलं ‘सेव्हन-डिअॅझा’ जी वापरू लागले. इनोसिन सी-ला दोनच बंधांनी धरतं, चिमटा सैल पडतो, पट्ट्या सुट्या होतात. याची किंमतही मोजावी लागते. जी-सी दाट असलेल्या भागात इनोसिन वापरताना एन्झाइम अडखळतं आणि वाचन मध्येच बंद पडतं. एकाच नमुन्याला साध्या जी-नं पुढपर्यंत वाचता येतं पण ते गिचमिड, इनोसिननं स्वच्छ वाचता येतं पण अर्धवट. दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की खरी ओळ हाती लागते. वनस्पतीवर काम करणाऱ्यांना आणखी एक जाच असतो. पानातली पिष्टमय द्रव्यं आणि फिनॉल डीएनएसोबत खाली आली, तर उत्तमातलं उत्तम एन्झाइमसुद्धा गप्प बसतं.

एन्झाइमचा प्रश्न सोडवला हार्वर्डच्या स्टॅन्ली टेबर आणि चार्ल्स रिचर्डसन यांनी. १९८७मध्ये त्यांनी टी-७ विषाणूचं पॉलिमरेज बदलून वापरलं. ते साध्या आणि थांबवणाऱ्या अक्षरांत फारसा भेद करत नसे. १९८९मध्ये त्यांनीच दाखवलं की मॅग्नेशियमऐवजी मँगनीज दिलं की उरलासुरला भेदही जवळजवळ संपतो आणि पट्ट्या एकसारख्या जाडीच्या येतात. दरम्यान उष्णता सोसणारं टॅक एन्झाइम आलं, थोड्याशा डीएनएवर तापवण्या-निववण्याची चक्रं फिरवून वाचन करता येऊ लागलं, पण टॅकचा भेदभाव क्लेनोसारखाच होता. १९९५मध्ये याच दोघांनी कारण नेमकं पकडलं. टी-७मध्ये ज्या जागी टायरोसिन हे अमिनो आम्ल आहे, तिथे टॅकमध्ये फेनिलअॅलनिन आहे. दोघांत फरक एका ऑक्सिजनचा. टॅकच्या ६६७व्या जागी टायरोसिन बसवलं आणि भेदभाव शेकडो ते हजारो पटींनी घटला. थांबवणाऱ्या अक्षरात जो हायड्रॉक्सिल नाही, त्याची उणीव टायरोसिनचा हायड्रॉक्सिल भरून काढतो असं यामागचं स्पष्टीकरण. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर क्षण आहे, आणि तो कोणत्याही यंत्रात घडलेला नाही.

किरणोत्सर्गाच्या जागी रंग आले तसा प्रश्नाचा चेहरा बदलला. १९८६मध्ये कॅलटेकच्या लेरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेनं नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्याला, म्हणजे प्रायमरला, रंग लावला, तर १९८७मध्ये ड्यूपाँटच्या गटानं थांबवणाऱ्या अक्षरालाच लावला. दिसायला हा तांत्रिक तपशील वाटतो, पण काय दिसणार आणि काय नाही हे त्यानं ठरवलं. प्रायमरला रंग असेल तर थांबलेला प्रत्येक तुकडा दिसतो. एन्झाइम मध्येच गळून पडल्यामुळे थांबलेलाही. रंग थांबवणाऱ्या अक्षराला असेल तर खरोखर अक्षरामुळे थांबलेलेच तुकडे दिसतात, बाकीचे अंधारात राहतात. शिवाय चार नळ्यांचं काम एका नळीत होतं. पण रंगाचा रेणू अक्षराच्या मानानं अवजड असतो, आणि तो घेऊन बसताना एन्झाइम पुन्हा आवडनिवड करू लागतं. नव्या टॅकबरोबर सुरुवातीचे रोडामिन रंग वापरले की ए-नंतर येणाऱ्या जी-चं आलेखातलं शिखर हमखास बुटकं येई. प्रत्येक जागी एकच अक्षर असलेली ओळ वाचायची तर बुटकं शिखरही चालतं. पण माणसाच्या जनुकात एका जागी आईकडून ए आणि बापाकडून जी आला असेल आणि आधीचं अक्षर ए असेल, तर ते बुटकं जी मोठ्या ए-च्या पायाशी हरवून जाई. म्हणूनच असे दुहेरी फरक शोधणारे बराच काळ रंगीत प्रायमरलाच धरून राहिले. १९९७मध्ये आलेल्या ‘बिगडाय’नं दोन रंग जोडून ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे नेली आणि शिखरं उंच व बरीच समान झाली. त्याच्या मिश्रणात जी-ऐवजी इनोसिन आणि टी-ऐवजी यू वापरलं जातं, कारण यू असलं की टी-चा थांबा नीट बसतो. म्हणजे ज्या पेटीला आपण ‘एक किट’ म्हणतो, तिच्यात आधीच्या वीस वर्षांच्या भांडणांचे निकाल एकत्र बंद केलेले आहेत.

किटच्या बाहेरच्या बाटल्याही निकाल फिरवतात, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांना हे चांगलं ठाऊक आहे, कारण महागडं किट पुरवून पुरवून वापरायची सवय इथे जुनी आहे. बिगडायचं मिश्रण चौपट, आठपट पातळ करून वर बफर घालणं सर्रास चालतं. ओळीचा पहिला भाग त्यानंही छान येतो. पाच-सहाशे अक्षरांनंतर शिखरं खचू लागतात. बफर न घालता नुसतं पाणी घातलं तर तेवढंही जमत नाही, कारण मॅग्नेशियमचं प्रमाण घसरतं आणि आम्लतेचा समतोलही बिघडतो. नंतर उरलेले रंग धुवून काढायला इथेनॉल लागतं, आणि त्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासच ठेवावं लागतं. जास्त झालं की न वापरलेले रंगही तुकड्यांसोबत खाली बसतात आणि आलेखात सत्तर-ऐंशी अक्षरांच्या आसपास रुंद डाग उमटून खालची खरी शिखरं झाकतात. शेवटचा द्रव फॉर्मामाइड. तो जुना झाला की त्याचं विघटन होऊन फॉर्मेट आयन तयार होतात. विजेच्या ओढीनं यंत्राच्या बारीक नळीत शिरताना हे छोटे आयन डीएनएच्या आधी घुसतात आणि संकेत मंदावतो. अशा वेळी दोष नमुन्याला दिला जातो, आणि नमुना बिचारा निर्दोष असतो.

यावर दुसरा आक्षेप घेता येतो, आणि तो अधिक वजनदार आहे: हे सगळं खरं असलं तरी फरक पडतो किती? त्याचं उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या कामावरून नीट देता येतं. १९५२मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं सुरू झालेल्या या संस्थेनं जुने विषाणू जपून ठेवले होते. २००५-०६मध्ये चिकुनगुनिया देशभर उसळला, तेव्हा संस्थेच्या संशोधकांनी नव्या विषाणूंबरोबर हे जुनेही वाचले: १९६३चा कोलकात्याचा, १९७३च्या साथीतला बार्शीचा, आणि २००० साली यवतच्या डासांतून मिळालेला. जुने आशियाई वंशाचे निघाले, नवे आफ्रिकी वंशाचे, आणि यवतचा नमुनाही आफ्रिकी वंशाचाच. म्हणजे ज्या विषाणूनं २००६मध्ये हाहाकार माजवला, त्याचा नातेवाईक पुणे जिल्ह्यात साथीच्या पाच वर्षं आधीच हजर होता. या निष्कर्षाला रसायनाची चूक बाधत नाही. सुमारे ११,८०० अक्षरांच्या जनुकसंचात दोन वंशांमधला फरक शेकडो अक्षरांचा आहे. दोन-चार अक्षरं बुटक्या शिखरामुळे चुकली तरी बार्शी बार्शीच राहते आणि यवत यवतच.

पण त्याच साथीत दुसरा प्रश्न एका अक्षराचा होता. रियुनियन बेटावर विषाणूच्या ई-१ प्रथिनात २२६व्या जागी अॅलनिनच्या ठिकाणी व्हॅलिन आलं, आणि त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस या डासातून तो अधिक सहज पसरू लागला. जनुकात हा बदल म्हणजे एका सी-चा टी. भारतातल्या २००६च्या नमुन्यांत तो नव्हता. २००७मध्ये केरळात दिसला. नमुन्यात बहुतेक विषाणू जुने आणि थोडे नवे असतील, तर त्या जागी मोठ्या सी-खाली छोटं टी असणार, आणि ते दिसणार की नाही हे शिखरं किती समान येतात यावर, म्हणजे एन्झाइम आणि रंग यांच्या जोडीवर ठरणार. तेव्हा ‘फरक किती पडतो’ याचं उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. वंश विचाराल तर नगण्य. एक अक्षर विचाराल, आणि तेही मिश्र नमुन्यात, तर फार. टोमॅटोलाही हाच न्याय लागतो. बेगोमो विषाणूची नवी जात ठरवायची सीमा ९१ टक्के साम्याची असल्यामुळे जातीचं नाव कॉम्प्रेशननं बदलत नाही. मात्र एक अक्षर गळालं तर त्यापुढे प्रथिनाचं वाचन सरकतं, आणि धडधाकट जनुक कागदावर मोडकं दिसू लागतं.

सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतं, असं काही जण म्हणतील. १९९८मध्ये फिल ग्रीन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रेड’नं प्रत्येक अक्षराला विश्वासाचा गुण द्यायला सुरुवात केली आणि मोठी सोय झाली. पण फ्रेडला आपल्या पुढ्यातला आलेख रंगीत प्रायमरचा आहे की रंगीत थांब्यांचा, हे एका यादीतून सांगावं लागे, कारण दोघांच्या चुका वेगळ्या. सॉफ्टवेअरचा शहाणपणा हा त्या-त्या रसायनाच्या चुका आधी पाहून आलेला असतो. दोन्ही धागे उलटसुलट वाचून ताडण्याचा उपाय याहून भक्कम आहे, चिमट्यासाठी तर फारच, कारण दोन बाजूंनी कॉम्प्रेशन वेगवेगळ्या जागी पडतं. पण विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या पहिल्याच एन्झाइमनं चूक केली असेल, तर ती दोन्ही धाग्यांत एकमतानं दिसते.

आता सँगरचा जमाना गेला, कोट्यवधी तुकडे एकदम वाचणारी यंत्रं आली, म्हणून हा वाद शिळा झाला असंही नाही. त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत थांबवणाऱ्या अक्षरांवरच चालते. फक्त थांबा नंतर उठवता येतो. तिच्या दोन-रंगी आवृत्तीत जी-ला रंगच नाही, ‘काहीच दिसलं नाही’ म्हणजे जी. त्यामुळे संकेत विझला की ओळीच्या शेवटी खोट्या जी-ची माळ लागते. आणि नव्या यंत्रानं शोधलेला एखादा बदल पक्का करायचा असला की प्रयोगशाळा आजही सँगरकडे वळतात.

राहता राहिली नोंद. सार्वजनिक जीनबँकेत ओळ ठेवताना पद्धतीच्या रकान्यात फार तर ‘सँगर डायडिऑक्सी’ एवढंच लिहिलेलं सापडतं. कोणतं एन्झाइम, कोणता रंग, जी की इनोसिन, काही नाही. यंत्रातून निघणाऱ्या मूळ आलेखाच्या फाइलमध्ये मात्र रंगामुळे तुकडे पुढेमागे सरकतात त्याच्या दुरुस्तीसाठी वापरलेल्या कोष्टकाचं नाव आपोआप नोंदलं जातं, आणि त्या नावात रसायनाची आवृत्ती असते. अशी एक फाइल दोन-तीनशे किलोबाइटची. अक्षरांची ओळ उतरवून घेतल्यावर बहुतेक ठिकाणी टाकून दिली जाते ती हीच.